भाड्याच्या घरातील बहुवार्षिक फुलझाडे

आमच्या पालकांपैकी अनेकांची घरे भोसरी, मोशी, चिखली, चाकण या पट्ट्यात आहेत. ही कुटुंबे लातूर, नांदेड, बीड, जळगाव अशा जिल्ह्यांतून कारखान्यांच्या आधाराने येथे आली. गावकुसाबाहेरच्या घरापुढे एखादी कोरांटी किंवा तगर असे. तिची कोणी निगा राखत नसे, तरी ती वर्षानुवर्षे फुलत असे. येथे अकरा महिन्यांच्या कराराचे घर आणि चार फुटांची गॅलरी. अशा घरात एका हंगामाची रोपे आणावीत आणि सुकली की टाकून द्यावीत, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हाला तो मान्य नाही. भाडेकरूनेच बहुवार्षिक झुडूप लावावे. सामानाच्या टेम्पोत कुंडीही बसते, आणि वंदनेची फुले घरचीच मिळतात.

दुसरे कारण पाण्याचे. पिंपरी-चिंचवड शहराला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाण्याची सवय करून घ्यावी लागली. हंगामी रोपाची मुळे वरवरची. त्याला एक दिवसाचा खाडाही जाचतो. बारा इंची कुंडीत रुजलेली जास्वंद, तगर किंवा कण्हेर उन्हाळा सोडल्यास तो सहज सोसते. एप्रिल-मेमध्ये मातीवर पाचोळ्याचा थर द्यावा आणि तांदूळ, भाजी धुतलेले पाणी घालावे. आमच्या पाहण्यात झाडे तहानेपेक्षा अतिपाण्यानेच अधिक मरतात. बोट मातीत घालून ओल लागली, तर पाणी देऊ नये. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात. रांगते मूल असलेल्या घरात ती नकोच.

नुसती काळी माती कुंडीत आवळून बसते. पोयट्याची माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात घ्यावी. दर दोन वर्षांनी झाड काढून बाहेरची मुळे छाटावीत व नवी माती भरावी. बोअरवेलच्या जड पाण्यामुळे जास्वंदीची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, हे त्याचे कारण. शेणखत वाढवावे, शक्य तेव्हा पावसाचे पाणी द्यावे.

मोगरा नव्या फुटीवर फुलतो, हे ध्यानात न घेतल्याने पुष्कळांचा मोगरा नुसता पानांनी भरतो. डिसेंबरच्या अखेरीस त्याचे पाणी तोडावे, जानेवारीत निर्दयपणे छाटावे आणि मग खत-पाणी द्यावे. मार्चपासून कळ्या येतात.

जास्वंदीवरील पिठ्या ढेकणासाठी साबणाचे पाणी किंवा निंबोळी तेल पुरते. पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे स्ट्रेप्टोसायक्लिन शेतकरी घरांना परिचित. म्हणून ते कशावरही फवारले जाते. ते जिवाणूंवरचे औषध आहे, किडीवर त्याचा उपयोग नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. पांढरा चाफा उष्ण अमेरिकेतला, बोगनवेल ब्राझीलकडची, सदाफुली मादागास्करची. आज त्यांना कोणी परके म्हणत नाही.

या पट्ट्यातील खरी अडचण शेवंतीची आहे. झाड तजेलदार, पण कळी नाही, अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. खत देऊन ती जात नाही. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब, अखंड काळोखाची रात्र लागते. म्हणूनच ती दिवस लहान होऊ लागले की फुलते. रस्त्यावरचा दिवा, कंपनीच्या फाटकावरचा झोत, गॅलरीत रात्रभर जळणारा बल्ब, एवढ्यानेही तिची रात्र मोडते. पॉलिहाऊसमधील उत्पादक याच गुणाचा उपयोग करून, रात्री मुद्दाम दिवे लावून बहर लांबवतात. आपल्याला उलट करायचे आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून कळीला रंग दिसेपर्यंत कुंडी दिव्याच्या आड ठेवावी. तशी जागा नसेल, तर संध्याकाळी सहाला तिच्यावर मोठा पुठ्ठ्याचा खोका पालथा घालावा. तिसऱ्या पाळीहून सकाळी सातनंतर परतणाऱ्याने घरात शिरतानाच तो उचलावा. बहर ओसरला की खोड जमिनीलगत कापावे. फेब्रुवारीपर्यंत बुंध्याशी मुनवे फुटतात. मुळांसकट वेगळे करून दोन स्वतःकडे ठेवावेत, उरलेले शेजारी द्यावेत.