सोमवारी दुखणारे पोट

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की गोवंडीच्या माझ्या दवाखान्यात पोटदुखीची मुले वाढतात. असाच एक दहा वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. सोमवारी सकाळी बेंबीभोवती दुखायचे, सुट्टीत मात्र कधीच नाही. मराठवाड्यातून बैंगनवाडीत राहायला येऊन जेमतेम वर्ष झालेले. किरकोळ अंगकाठी, डोळ्यांवर चष्मा, छातीत घरघर. अभ्यासात मात्र वर्गात पहिला. पोट तपासले, काही सापडले नाही. "नाटकं करतोय हो," आई म्हणाली.

आईला बाहेर बसवून मी त्याला विचारले, "गल्लीतली पोरं काय म्हणून हाक मारतात?"

"ढापण्या," असे म्हणून तो स्वतःच हसला. मला त्या हसण्याचीच काळजी वाटली.

हळूहळू कळले, की चार पोरांचा गृहपाठ हाच लिहून देतो. क्रिकेटमध्ये याच्याकडे फक्त धावा मोजायचे काम. सोमवारी उत्तर चुकलेले निघाले की सगळे याच्यावर तुटून पडतात. "मग नाही का म्हणत नाहीस?" "मग मला बोलावणारच नाहीत."

विल्यम गोल्डिंग हे स्वतः शाळामास्तर. त्यांच्या १९५४ च्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या कादंबरीत असाच एक मुलगा आहे. लठ्ठ, दमेकरी, चष्मा लावणारा आणि सर्वांत शहाणा. पोरांना विस्तव पेटवायला त्याचा चष्मा हवा असतो, त्याचे बोलणे मात्र कोणी ऐकत नाही. सगळे त्याला 'पिगी' म्हणतात; खरे नाव वाचकालाही शेवटपर्यंत कळत नाही.

आता पोटाकडे येऊ. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १९५८ साली हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे दहांत एका मुलाचे पोट वारंवार दुखत होते आणि त्यांतील फारच थोड्यांत शारीरिक आजार सापडला. तरीही हे दुखणे खरेच असते. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. धास्तीने आतड्यांची हालचाल बिघडते आणि साधा ताणही कळ म्हणून जाणवतो. मात्र वजन घटणे, रात्री दुखण्याने जाग येणे, शौचातून रक्त, वारंवार उलटी किंवा ताप यांतले काही असेल तर तपासण्या हव्यातच.

आईला मी तीन गोष्टी सांगितल्या. शाळा बुडवू देऊ नका, पण "नाटक" हा शब्दही काढू नका. दम्याचा पंप सांगितल्याप्रमाणे नियमित द्या; त्याची सवय लागते ही भीती खोटी आहे आणि दमा आटोक्यात असलेले मूल पळू शकते. (देवनारच्या कचराभूमीला २०१६ च्या जानेवारीत आग लागली, त्या धुरानंतर तरी आमच्याकडे पंपाला कोणी नाक मुरडू नये!) आणि इतर पोरांसमोर "बघा, याच्याकडून शिका" असे कौतुक अजिबात नको. त्याचे पैसे पोराला गल्लीत चुकवावे लागतात.

सगळ्या टोळीने त्याला आपला म्हणावे, हा हट्ट मी धरला नाही. एक मित्र मिळाला तरी पुष्कळ होते. वर्गशिक्षिकेला भेटून बाक बदलून घ्या, एवढे मात्र आवर्जून सांगितले.

महिन्याने तो परत आला. पोट अजून अधूनमधून दुखते. शेजारच्या बाकावरच्या पोराला हा भागाकार शिकवतो, तो याला गोलंदाजी. गृहपाठ अजून दोघांचा लिहितो. "आधी चार होते," तो म्हणाला.