भरधाव गाडी : चालकाचा दोष आणि मालकाचे उत्तरदायित्व

जव्हार व मोखाडा तालुक्यांत ज्यांच्या मालकीचे दोन-चार टेम्पो किंवा प्रवासी जीप आहेत, अशा आपल्या बांधवांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. गाडी मालकाच्या नावावर असते. त्यामुळे मनोरजवळ ती महामार्गाला लागली आणि चालकाने वेगमर्यादा ओलांडली, की ई-चलनाचा संदेश मालकाच्याच मोबाईलवर येतो. "मौलाना, गाडी मी चालवत नव्हतो, दंड मात्र माझ्या नावावर लागला. तो चालकाच्या पगारातून वळता केला आणि अद्दल घडावी म्हणून वर दोन दिवसांची मजुरी कापली, तर शरीअतमध्ये ते जायज आहे का?"

प्रश्न पैशाच्या बाजूने विचारलेला आहे. पण उत्तराची सुरुवात तेथून करता येत नाही. चालकाचा दोष नेमका कोणता आणि तो कोणाच्या हक्काविरुद्ध घडला, हे आधी ठरले पाहिजे.

पुष्कळांच्या मनात वेगमर्यादा ही निव्वळ सरकारी बाब आहे. पोलिसाने पकडले तर गुन्हा, नाही तर काहीच नाही. हदीसच्या ग्रंथांत मात्र वाहनाच्या वेगाविषयी स्पष्ट मार्गदर्शन सापडते. हज्जच्या प्रवासात अरफातहून परतताना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी मागून उंटांना मारण्याचा व दामटण्याचा गलका आला. त्यांनी हातातील चाबकाने खूण करून लोकांना शांतपणे चालण्यास सांगितले आणि घाईने वाहने पळवण्यात पुण्य नाही, हे बजावले. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची ही रिवायत सहीह बुखारीत आहे. त्याच परतीच्या प्रवासाविषयी हजरत उसामा (रजि.) सांगतात, की प्रेषित (स.) गर्दीत मध्यम चालीने जात आणि मोकळी जागा मिळाली की उंटाचा वेग वाढवीत. या दोन्ही रिवायती एकत्र वाचल्या पाहिजेत. वेग स्वतः हराम नाही. रस्ता किती मोकळा आहे आणि आजूबाजूला कोण आहे, यावर तो ठरतो. त्र्यंबकहून मोखाड्याकडे येताना तोरंगणचा घाट आषाढात धुक्याने भरलेला असतो. खाली उतरल्यावर पाड्याजवळ आश्रमशाळेची मुले रस्त्याच्या कडेने रांगेत चालत असतात. तेथे चाळीसचा वेगही अधिक ठरू शकतो.

चालकांना एक साधा हिशेब सांगावा. गाडीचा वेग चाळीसवरून साठवर नेला, म्हणजे दीडपट केला, तर ब्रेक दाबल्यापासून ती थांबेपर्यंतचे अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. ओल्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीत ते याहूनही वाढते. फुकहांनी सार्वजनिक रस्त्याविषयी जो नियम लिहून ठेवला, त्याचे मर्म येथे लक्षात येते. रस्त्यावरून जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, परंतु तो सलामतीच्या अटीवर आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करून जाण्याचा हक्क कोणालाच नाही. सूरह बकराच्या १९५ व्या आयतीत स्वतःला आपल्याच हातांनी विनाशात लोटू नये, असा आदेश आहे. मग गाडीत बसलेल्या दहा-बारा माणसांना त्यात लोटणे कसे चालेल?

आता चालक आणि मालक यांचे नाते पाहू. महिन्याच्या पगारावर एकाच मालकाकडे काम करणाऱ्या नोकराला फिक्हमध्ये अजीर-ए-खास म्हणतात. त्याच्या हाती दिलेली गाडी ही अमानत असते. त्याने काळजी घेऊनही टायर फुटला किंवा दरड कोसळून काच तुटली, तर त्याची भरपाई त्याच्याकडून मागता येत नाही. पण त्याने मर्यादा ओलांडली किंवा उघड हयगय केली, तर त्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते. वेगमर्यादा पाळण्याची अट कामावर ठेवताना घातलेली असेल, तर ती पाळणे त्याच्यावर वाजिब आहे. सूरह माइदाची पहिलीच आयत करार पूर्ण करण्यास सांगते. सूरह कससमध्ये मदयनच्या त्या कन्येने नोकराचे दोन गुण सांगितले : सामर्थ्य आणि विश्वासूपणा. आपल्याकडे चालक निवडताना पहिला गुण तेवढा पाहिला जातो. घाटात गाडी कोण झपाट्याने काढतो, याचे कौतुक मालकच चारचौघांत करतात आणि मग चलन आले की त्याच चालकावर संतापतात.

येथे प्रश्नाचा रोख मालकाकडे वळवणे भाग आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत मोगऱ्याची शेती वाढली आहे. कळी पहाटे खुडायची आणि उमलण्यापूर्वी दादरच्या फूलबाजारात पोहोचवायची. उशीर झाला की भाव पडतो. चालकाला मालक सांगतो, अमुक वाजता माल उतरलाच पाहिजे. गाडी निघते मात्र अर्धा-पाऊण तास उशिरा, कारण आणखी दोन पाड्यांवरच्या टोपल्या यायच्या असतात. तो वेळ चालकाने रस्त्यावर भरून काढावा, अशी अपेक्षा असते. कोणी तोंडाने सांगत नाही, एवढेच. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाणारी आदिवासी कुटुंबे घेऊन भिवंडी-वसईकडे जाणाऱ्या गाड्यांचेही तसेच. एका रात्रीत दोन फेऱ्या व्हाव्यात असे गणित मालकाने मांडायचे आणि वेगाचे पाप चालकाच्या माथी मारायचे, हा न्याय नव्हे.

इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक निवाडा आहे. हजरत हातिब (रजि.) यांच्या गुलामांनी मुझैना टोळीतील एका माणसाची उंटीण चोरून कापली. शिक्षेचा आदेश निघाला होता. तेवढ्यात हजरत उमर (रजि.) यांच्या लक्षात आले, की हे गुलाम उपाशी ठेवले जात असावेत. त्यांनी मालकाकडे वळून, तूच यांना उपाशी ठेवतोस असे दिसते, असे सुनावले आणि भरपाईचा भार हातिब यांच्यावर टाकला. उंटिणीची किंमत चारशे दिरहम सांगण्यात आली, तेव्हा आठशे देण्यास फर्मावले. दुप्पट भरपाईवर मदीनेत पुढे अमल झाला नाही, हे इमाम मालिक यांनी तेथेच नमूद केले आहे. पण निवाड्याचा पाया त्यामुळे हलत नाही. नोकराला गुन्ह्याकडे ढकलणारी परिस्थिती मालकाने निर्माण केली असेल, तर आधी मालकाला जाब विचारला जातो.

देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ नुसार स्वतः वेगाने गाडी चालवणारा जसा शिक्षेस पात्र आहे, तसाच आपल्या नोकराला वेगाने चालवण्यास भाग पाडणाराही आहे. वेगमर्यादा पाळून जो प्रवास ठरावीक वेळेत होणेच शक्य नव्हते, तो तेवढ्या वेळेत पुरा करण्याची सूचना दिली असेल, तर ती सूचनाच देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनासाठी एक ते दोन हजार आणि मध्यम व अवजड वाहनांसाठी दोन ते चार हजार रुपये दंड आहे. मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने कामाची सामान्य मर्यादा दिवसाला आठ तास ठेवली होती. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. एका टेम्पोच्या मालकाला लागू नसेलही तो. पण हजरत अबू जर (रजि.) यांच्या रिवायतीतील आदेश, नोकर तुमचे भाऊ आहेत, त्यांच्यावर ताकदीपलीकडचे ओझे टाकू नका, हा एका नोकराच्या मालकालाही लागू आहे.

मालकाने वेळेचे गणित सरळ ठेवले आणि तरीही चालक भरधाव जाताना पकडला गेला, असे समजू. पहिली गोष्ट खातरजमेची. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे. चलनातील छायाचित्र, गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ पाहावी. त्या दिवशी गाडी कोणाकडे होती ते नोंदवहीत पाहावे. मग चालकाचे म्हणणे ऐकावे. हजरत अली (रजि.) यांना येमेनला पाठवताना दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निवाडा न देण्याची शिकवण दिली गेली होती. रागाच्या भरात निवाडा करू नये, हीही हदीस आहे; म्हणून संदेश वाचल्यावाचल्या फोन करून शिव्या देणे, तेही तो गाडी चालवत असताना, हे दोन्ही अर्थांनी चूक आहे. स्टँडवर इतर चालकांदेखत पाणउतारा करू नये. अन्जशा हे प्रेषितांचे (स.) सेवक होते. स्त्रिया बसलेले उंट ते गात गात वेगाने हाकू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना काचेची भांडी नेत असल्यासारखे हळू चालवण्यास सांगितले. त्या शब्दांत अपमान नव्हता आणि संदिग्धताही नव्हती.

गाडीत जीपीएस बसवणे म्हणजे तजस्सुस, पाळत ठेवणे होय का, असेही विचारले जाते. गाडी मालकाची आहे आणि चालकाला आधी सांगितले आहे, तर तिचा वेग पाहण्यात दोष नाही. त्याच यंत्राने सुट्टीच्या दिवशी तो कोणाकडे गेला होता हे धुंडाळणे मात्र कुरआनने मना केले आहे.

आता पैशाचे. सरकारी दंड चालकाच्याच कृत्यामुळे आला असेल, त्यामागे मालकाची घाई नसेल आणि तशी अट आधी ठरलेली असेल, तर तेवढी रक्कम त्याच्याकडून घेणे जायज आहे. त्याच्या उघड हयगयीने गाडीचे जे नुकसान झाले, त्याची प्रत्यक्ष किंमतही घेता येते. पण 'अद्दल घडावी' म्हणून वरचे दोन दिवसांचे पैसे कापून स्वतःच्या गल्ल्यात टाकणे योग्य नाही. शिक्षा म्हणून दंड घ्यावा की नाही, याविषयी इमाम अबू यूसुफ यांच्याकडून अनुमतीचे एक मत सांगितले जाते. तथापि हनफी फतवा त्यावर नाही आणि आपल्या कोकणपट्टीतील शाफई बांधवांच्या मसलकातही मान्य मत तेच आहे. शिवाय हजरत उमर (रजि.) हे खलीफा होते, टेम्पोचा मालक नव्हे. काम पुरे करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, ही बुखारीतील हदीस येथे विसरू नये.

१९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने आणि पुढे २०१९ च्या वेतन संहितेने नोकरावरील दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपुरता मर्यादित केला आहे. पंधरा हजार पगार असेल तर ४५० रुपये; दोन दिवसांची मजुरी होते एक हजार. नोकराला बाजू मांडू द्यावी लागते, आणि दंडाची रक्कम मालकाला ठेवता येत नाही, ती कामगारांच्या हितासाठीच खर्चावी लागते. शिक्षा करणाऱ्यालाच शिक्षेतून कमाई होऊ नये, ही फुकहांची चिंता कायदा करणाऱ्यांनाही वाटली असावी, याचे मला समाधान वाटते.

मग मालकाच्या हाती उरते काय? बरेच उरते. पहिल्या वेळी लेखी समज द्यावी. पुन्हा घडले तर काही दिवस गाडीवरून उतरवून माल भरण्या-उतरवण्याचे काम द्यावे, परंतु ठरलेला पगार चालू ठेवावा. ईदच्या वेळी स्वखुशीने दिले जाणारे बक्षीस सुरक्षित चालवणाऱ्यांसाठीच ठेवावे. बक्षीस हा मजुरीचा भाग नसल्याने तशी अट घालता येते. तिसऱ्या वेळी काम थांबवावे आणि केलेल्या दिवसांचा पै-पैचा हिशेब त्याच दिवशी चुकता करावा.

येथे एक हळवी अडचण येते. चालक जुना असतो, गरीब असतो, कधी नात्यातला असतो. मालक म्हणतो, मी माफ केले. माफी फार मोठी गोष्ट आहे, पण आपल्या हक्कापुरती. गाडीचा पत्रा वाकला, ते मालकाने खुशाल सोडून द्यावे. मोखाड्याच्या रस्त्यावर डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या वारली स्त्रीच्या जिवाचा हक्क मालकाचा नाही. तो तिच्या वतीने माफ करू शकत नाही. वारंवार वेगाने चालवणाऱ्याला केवळ दयेपोटी पुन्हा किल्ली देणारा मालक दुसऱ्याच्या मालकीची वस्तू दान करत असतो. तशीच दुसरी बाजू : चालक आदिवासी असो, हिंदू असो, नियम आपल्या भाच्याला जो तोच त्याला. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत न्यायाची आज्ञा देताना परके आणि आपले असा भेद ठेवलेला नाही.

पोलिसांनी गाडी कोण चालवत होते असे विचारले, तर कलम १३३ प्रमाणे मालकाने खरी माहिती देणे बंधनकारक आहे. परवाना वाचवण्यासाठी दुसऱ्याचे नाव पुढे करणे ही खोटी साक्ष आहे. प्रकरण मिटवण्यासाठी हातावर पैसे ठेवणे ही लाच आहे, मग ती चलनाच्या रकमेहून स्वस्त पडत असली तरी.

आणि माणूस दगावलाच, तर सूरह निसाची ९२ वी आयत लागू होते. चुकून घडलेल्या हत्येतही वारसांची भरपाई आहे आणि ज्याच्या हातून मृत्यू घडला त्याच्यावर कफ्फारा, आज सलग दोन महिन्यांचे रोजे, हा अल्लाहचा हक्क वेगळा आहे. विम्याच्या रकमेने तो फिटत नाही. वेळेचा दट्टा मालकाने लावला असेल, तर मृताच्या घरी त्यानेही गेले पाहिजे. वकिलाला पाठवून भागत नाही.

ज्यांच्याकडे चालक नोकरीला आहेत, त्यांनी त्याच्याशी मराठीत, त्याला समजेल अशा भाषेत एक पानाचा करार करावा. पगार, कामाचे तास, वेगाची मर्यादा, दंड कोणी भरायचा, आणि गाडी उशिरा निघाली तर माल उशिरा पोहोचेल हे मालकाला मान्य असल्याचे एक वाक्य त्यात असावे. चालकाला वाचता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि एक प्रत त्याच्या घरी ठेवावी.