टर्बाइनचं पातं नापास करणारी माणसं हवी आहेत

बारावी सायन्सचा निकाल लागला की विमानांची आवड असलेल्या मुलांचे पालक विचारतात, "एएमईला घालू का?" एएमई म्हणजे विमान देखभालीचा परवानाधारक अभियंता. मार्ग चांगलाच आहे. पण त्याच क्षेत्रातलं एक काम बहुतेक घरांपर्यंत पोचलेलंच नाही. ते म्हणजे इंजिनातल्या टर्बाइन पात्यांची दुरुस्ती आणि तपासणी.

जेट इंजिनात पहिल्या पात्यांवर आदळणाऱ्या ज्वलनानंतरच्या वायूचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही जास्त असतं. पातं टिकतं ते निकेलच्या खास मिश्रधातूमुळे, पोटातून खेळवलेल्या थंड हवेमुळे आणि वरच्या सिरॅमिक लेपामुळे. हजारो तासांच्या उड्डाणात लेप उडतो, टोक झिजतं, बारीक तडे जातात. मग जुना लेप काढतात, टोकावर वेल्डिंगने धातू चढवतात, घासून मापात आणतात, नवा लेप देतात आणि भोकांतून पुरेशी हवा जाते का ते मोजतात. कुठे किती दुरुस्ती चालेल, हे कारागीर ठरवत नाही. मंजूर मॅन्युअल ठरवतं. मर्यादेबाहेरचं पातं भंगारात जातं, तेही पुन्हा कुणी वापरू नये म्हणून तोडून.

या कामाचा कस लागतो फ्लुरोसंट पेनिट्रंट तपासणीत. स्वच्छ केलेल्या पात्यावर चमकणारा द्रव लावतात, तो तड्यात शिरू देतात, वरचा धुतात, वाळवून डेव्हलपरची पांढरी भुकटी देतात. मग अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली तडा हिरवट-पिवळ्या रेघेसारखा उजळतो. ऐकायला सोपं वाटतं. पण धुणं जरा जास्त झालं, तर तड्यातला द्रवही निघून जातो आणि खराब पातं चांगलं दिसतं. म्हणून नियम बारीक आहेत. तपासनीसाने आधी किमान एक मिनिट डोळे अंधाराला सरावू द्यायचे. उजेडात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांचा चष्मा चालत नाही. जवळची नजर दरवर्षी तपासून घ्यायची.

हे नियम किती महत्त्वाचे आहेत, ते १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीला दिसलं. डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क फुटली, हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली आणि २९६ पैकी ११२ जण गेले. डिस्कमधला तडा आधीच्या तपासणीच्या वेळी जवळपास अर्धा इंच लांब होता आणि याच पेनिट्रंट पद्धतीतून निसटला होता. चौकशी अहवालाने तपासणी आणि गुणवत्ता नियंत्रणात माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार न झाल्यावर बोट ठेवलं. म्हणूनच दुरुस्ती संस्थेला आपल्याकडे डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाची सीएआर-१४५ मान्यता लागते, गुणवत्ता व्यवस्थेसाठी एएस ९११० हे मानक आहे आणि वेल्डिंग, लेपन, तपासणी अशा खास प्रक्रियांसाठी नॅडकॅप मान्यता असते.

आता शिक्षणाचं. पात्यांच्या शॉपमध्ये सगळ्यांना एएमई परवाना लागतो, हा गैरसमज आहे. तिथे वेल्डर, सीएनसी ऑपरेटर, लेपनतज्ज्ञ, धातुशास्त्रज्ञ आणि एनडीटी, म्हणजे भाग न तोडता दोष शोधणारे, तपासनीस लागतात. आयटीआय, मेकॅनिकल किंवा मेटलर्जीचा डिप्लोमा, पुण्याच्या सीओईपीत किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्राची पदवी, हे सगळे रस्ते इथे येतात. मला विचाराल तर डिप्लोमावाल्याने एनडीटीकडे जरूर पाहावं. विमान क्षेत्र अडलं तरी फाउंड्री, प्रेशर व्हेसल, रिफायनरी इथे तेच कौशल्य चालतं. मात्र कुठल्याही क्लासचं प्रमाणपत्र म्हणजे विमान क्षेत्राची पात्रता नव्हे. नॅस ४१० या मानकाप्रमाणे प्रशिक्षण, अनुभवाचे तास आणि परीक्षा बघून प्रमाणित करतो तो नोकरी देणारा. 'एनडीटी लेव्हल टू करा, एअरलाइनमध्ये लागाल' अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरू नका.

नोकऱ्यांचं चित्रही स्पष्ट असू द्या. पात्यांच्या दुरुस्तीची बरीच कामं अजून परदेशी शॉपमध्ये जातात. नागपूरच्या मिहानमध्ये एआयईएसएल (एअर इंडिया इंजिनीअरिंग सर्व्हिसेस) या कंपनीचं देखभाल केंद्र आहे, हैदराबादला २०२५ मध्ये सॅफ्रान कंपनीच्या लीप इंजिनांच्या देखभाल केंद्राचं उद्घाटन झालं. घर सोडायची तयारी हवी.

मुलगा किंवा मुलगी या कामाला योग्य आहे का, हे मार्कांवरून कळणार नाही. वहीतली खाडाखोड लपवण्याऐवजी सरळ रेघ मारून पुन्हा लिहिते का? वरिष्ठ 'सोड, चालेल' म्हणाले, तरी 'नाही, तडा आहे' असं म्हणू शकेल? उत्तर हो असेल, तर फी भरण्याआधी दोन गोष्टी करा: नेत्रतज्ज्ञाकडून जवळची नजर आणि रंगओळख तपासून घ्या आणि एएमईलाच जायचं ठरलं, तर त्या संस्थेचं नाव डीजीसीएच्या सीएआर-१४७ मान्यताप्राप्त यादीत स्वतः शोधा.