वाळणच्या डोहांतील महाशीर

समुद्राच्या तळीं वाळूवर टेकून भक्ष्याची वाट पाहणारे लहान मासे आहेत. शास्त्रांत त्यांच्या एका वंशास पॅरापर्सिस म्हणतात. त्यांत ऐंशींहून अधिक जाती मोजल्या असून ठिपके, पट्टे व परांचे कांटे पाहून त्या ओळखाव्या लागतात. महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यांस हे मासे दिसणें कठीण. परंतु दिसण्यांत सारखे ते सारे एकच नव्हेत, हा त्यांजपासून मिळणारा पाठ आमच्या नदींतही आहे.

महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपूर व महाड यांवरून बाणकोटास जाणाऱ्या सावित्रीस काळ नदी मिळते. तिच्यावर वाळण गांवाजवळ वरदायिनी देवीचा खोल डोह आहे. त्यास वाळण कोंड म्हणतात. तेथील मासे देवीचे, म्हणून ते कोणी धरीत नाहीं; उलट लोक त्यांस कुरमुरे घालतात. कुरमुरे पडतांच मोठ्या खवल्यांचे, जाड ओठांचे, मिशाळ मासे वर येतात. हेच महाशीर. उन्हाळ्यांत कोंकणच्या नद्या आटून तुटक डबकीं उरतात, तेव्हां असा डोह हाच त्यांचा आसरा. एक डोह राखला म्हणजे नदीचें बियाणें राखलें जातें, असें आम्हांस वाटतें.

शास्त्रांत या जातीस टोर खुदरी म्हणतात. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं पुण्याच्या मुळा-मुठेंतील माशावरून तिचें वर्णन प्रसिद्ध केलें, व नांवही इकडच्या बोलींतलेंच घेतलें. पुढें १९७० च्या दशकापासून लोणावळ्यास तिची पैदास करून पिलें दूरच्या नद्यांत सोडण्यांत आलीं. हेतु चांगला होता. परंतु कावेरींत महाशीराची कुबडी दिसणारी निराळी जात पूर्वींपासून नांदत होती. हा पाहुणा तेथें फैलावला, आणि मूळची जात नष्टप्राय झाली. ती टोर रेमादेवी होय, हें निश्चित व्हावयास २०१८ साल उजाडलें. म्हणजे घरधन्याची ओळख पटेपर्यंत घर बहुतेक रिकामें झालें होतें! खुदरी आपल्या नदींत भूषण. परक्या नदींत तीच संकट.

वाळण येथें मासा आपल्याच पाण्यांत राखिला आहे, हें आम्हांस त्या रूढीचें विशेष वाटतें. मात्र देवीची आण डोहापुरती. पावसाळ्यांत पाणी वाहूं लागलें म्हणजे महाशीर खडकाळ, वाहत्या पाण्यांत अंडीं घालावयास निघतो, आणि डोहाची हद्द ओलांडतांच गळ व जाळें यांपासून त्यास अभय उरत नाहीं.