श्रद्धा, कुटुंब आणि पाश्चात्त्य संस्कृतीचे भवितव्य

जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनच्या सरकारने एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपविली. तेथे दवाखाना आहे, निवृत्तिवेतन आहे, सुरक्षित घर आहे; तरीही दार ठोठावून विचारपूस करणारे माणूस नाही, अशी असंख्य वृद्धांची व तरुणांची अवस्था आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे ४६.२ टक्के उरले. दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ टक्के होते. २०२२ साली युरोपीय संघात एका स्त्रीमागे सरासरी १.४६ अपत्ये जन्मली. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी सुमारे २.१ लागतात.

हे आकडे वाचून आनंद मानणे श्रद्धावंताला शोभत नाही. जन्मदर केवळ श्रद्धा घटल्याने उतरत नाही. शिक्षण, महागडी घरे आणि अस्थिर नोकऱ्या हीही त्यामागची कारणे आहेत. इराण आणि तुर्कस्तान या मुस्लिम देशांतही तो २.१ च्या खाली गेला आहे. शिवाय एकाकीपणाला सार्वजनिक प्रश्न मानून त्यावर उपाय शोधणे, अपंगांसाठी सोयी उभारणे, ही पाश्चात्त्यांची कामे अनुकरणीयच आहेत.

मग उणीव कोठे आहे? यंत्रयुगाने काम घराबाहेर नेले, वृद्धांची काळजी शासनाने घेतली आणि व्यक्ती हाच समाजाचा घटक ठरला. जुलमी घरातून सुटण्याचा मार्ग त्यामुळे अनेकांना मिळाला, हे खरे. परंतु नाते हे आवडीपुरतेच उरले, तर आजारपणात आणि म्हातारपणात ते तग धरत नाही.

पवित्र कुरआन सूरह अर-रूमच्या २१ व्या आयतीत दांपत्याचा उद्देश मनःशांती सांगतो आणि प्रेमाबरोबर दयेचाही उल्लेख करतो. प्रेम ओसरते तेव्हा दया घर सावरते. सूरह बनी इस्राईल वृद्ध माता-पित्यांना कंटाळ्याचा उद्गारही काढू नये, असे बजावते. म्हणजे कुटुंब ही केवळ सोय नसून अल्लाहसमोर द्यावयाचा हिशेब आहे. त्याच वेळी इस्लामने स्त्रीला महर, वारसा आणि खुलाचा अधिकार दिला. कुटुंब टिकविण्यासाठी अन्याय सोसावा, असे सांगितले नाही.

आता आरसा आपल्याकडे वळवू या. सूरह अन-निसाने ठरवून दिलेला मुलीचा वाटा आपण देतो, की तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो? निकाह सोपा ठेवतो, की हुंडा व मेजवानीपायी कर्ज काढतो? एका दस्तरख्वानावर बसूनही प्रत्येकाची नजर मोबाईलमध्ये असेल, तर तोही एकाकीपणच नव्हे काय?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घरच्यांशी उत्तम वागणाऱ्यास सर्वोत्तम म्हटले आहे. म्हणून दिवसातील एक जेवण एकत्र घ्या, मोबाईल बाजूला ठेवा. आई-वडिलांजवळ रोज काही वेळ बसा. बहिणीचा वाटा थकला असेल, तर याच महिन्यात तो द्यायला लागा. शेजारचा वृद्ध कोणत्याही धर्माचा असो, त्याची चौकशी करा.

एकाकी झालेल्या जगाला आपण वाद घालून काही पटवू शकणार नाही. न्यायाने आणि दयेने चाललेले घर मात्र ते पाहू शकेल. अल्लाह आपल्या घरांना अशी शांती देवो. आमीन.