रक्तातला 'ध' चा 'मा'

(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने प्रथिनांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझे विज्ञान दहावीच्या पुस्तकापाशी थांबले. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे पुढचे समजावून सांगणारेही घरी कोणी नव्हते. पण ग्रंथालयात विश्वकोशाचे खंड चाळता चाळता ध्यानात आले की, सजीवांचे रसायनशास्त्र पुष्कळसे भाषेसारखे आहे. त्यात अक्षरे आहेत, शब्द आहेत आणि एका अक्षराने अर्थाचा अनर्थही होतो. या ओळखीच्या जोरावरच हे धाडस करीत आहे.

पाण्याचा रेणू अवघ्या तीन अणूंचा असतो. सजीवांच्या शरीरातील काही रेणू मात्र हजारो अणूंचे असतात. त्यांना महारेणू म्हणतात. पिष्टासारखी कर्बोदके, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले हे त्यांचे प्रमुख प्रकार. त्यांची घडण माळेसारखी असते. लहान लहान घटक मण्यांप्रमाणे एकापुढे एक जोडले जातात आणि प्रत्येक जोडणीच्या वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. पचन ही याच्या उलट क्रिया होय. तेथे पाण्याचा रेणू घालून जोड तोडला जातो.

मणी तेच असले तरी जोड निराळा झाला की पदार्थ निराळा होतो. याचे उदाहरण आपल्या शेतातच आहे. ज्वारीच्या दाण्यातील पिष्ट ग्लुकोजचे बनलेले असते आणि कडब्यातील सेल्युलोजही ग्लुकोजचेच! पिष्टात सगळे मणी एकाच बाजूने ओवलेले असतात, तर सेल्युलोजमध्ये एक सुलट, एक उलट असे असतात. आपल्या पोटातील विकरांना पहिला जोड उघडता येतो, दुसरा येत नाही. म्हणून भाकरी आपली आणि कडबा बैलाचा. बैलालाही तो स्वतःच्या विकरांनी पचवता येत नाही. त्याच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव ते काम करतात.

कर्बोदकांच्या या माळांत मणी एकाच जातीचे. प्रथिनांत मात्र वीस प्रकारची अमिनो आम्ले असतात आणि ती कोणत्या क्रमाने आली यावर सारे अवलंबून असते. क्रमाप्रमाणे साखळी दुमडते, दुमडल्यावर तिला आकार येतो आणि आकाराप्रमाणे ती काम करते. रक्ताला तांबडा रंग देणारे हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन. त्यात चार साखळ्या असतात. १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा साखळ्या आणि १४६ अमिनो आम्लांच्या दोन बीटा साखळ्या, म्हणजे एकूण ५७४ अमिनो आम्ले. फुप्फुसात ऑक्सिजन घ्यायचा आणि शरीरभर पोहोचवायचा, हे त्याचे काम.

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. 'धरावे' या शब्दातील 'ध' चा 'मा' केला गेला आणि कैदेच्या हुकमाचा मृत्यूचा हुकूम झाला, असे म्हणतात. इतिहासकार ती कितपत खरी मानतात हा प्रश्न वेगळा. रक्तातला 'ध' चा 'मा' मात्र प्रयोगाने सिद्ध झालेला आहे. त्याचे नाव सिकलसेल.

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा निराळ्या तऱ्हेने सरकते. म्हणजे दोष रेणूतच होता. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे विकराने तुकडे केले, ते कागदावर पसरले आणि दोन्ही रक्तांचे ठिपके ताडून पाहिले. एकच ठिपका जागचा हललेला होता. १९५७ पर्यंत उलगडा झाला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. बाकीचे १४५ मणी जसेच्या तसे!

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाणी मानवते. व्हॅलीन मात्र पाण्यापासून अंग चोरते. ऑक्सिजन सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब काड्या बनतात आणि गोल, लवचिक पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातापायांत, छातीत असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. त्यामुळे अंगातले रक्त कायमच कमी राहते.

हा बदल येतो आनुवंशिक लिपीतून. डीएनएच्या लिपीत ए, टी, जी आणि सी अशी चारच अक्षरे आहेत आणि तीन अक्षरांचा शब्द एकेक अमिनो आम्ल सुचवितो. ही लिपी उलगडण्यातील वाट्याबद्दल हरगोविंद खुराना यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक इतर दोघांसमवेत मिळाले. येथे 'जीएजी' या शब्दातील मधला 'ए' जाऊन 'टी' आला, एवढाच काय तो फेर.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीत आढळला. आपल्या राज्यात विदर्भात, तसेच नंदुरबारकडील आदिवासी भागात तो बराच आहे. माझ्या मावसभावाला हा आजार आहे. थंडीत किंवा तापात त्याच्या कळा सुरू झाल्या की रात्रभर कोणी झोपत नाही. त्याहून मोठे दुःख असे की, मावशीच्या सासरी "हिच्याच माहेरचे रक्त नासके" असे वर्षानुवर्षे बोलले गेले. रसायनशास्त्राने या बोलण्याला साफ उत्तर दिले आहे. हा आजार होण्यासाठी बदललेले अक्षर आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते. एकाकडूनच आले तर मूल केवळ वाहक होते आणि बहुधा निरोगीच राहते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नव्हे.

मग असे घातक अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? वाहकांना तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. मलेरियाच्या मुलखात ज्याने वाहकांना तारले, तेच दोन बाजूंनी आल्यावर मुलांना मारक ठरले.

हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी अनेकांच्या कळा कमी होतात. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचारास मान्यता मिळाली. त्यात बिघडलेले अक्षर दुरुस्त करीत नाहीत; जन्मानंतर थांबलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागेल, अशी व्यवस्था करतात. परंतु त्याचा खर्च आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्याच वर्षी आपल्या देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली.

आपल्या हाती असलेली गोष्ट मात्र स्वस्त आहे. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्ताच्या विद्राव्यता चाचणीने हे अक्षर आहे की नाही याचा अंदाज येतो. मग पॉलिंग यांनी वापरले त्याच विजेच्या तत्त्वावर वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरविता येते. लग्नाआधी पत्रिका पाहणाऱ्या घरांनी हा कागदही मागावा. वाहक मुलीला नाकारण्यासाठी नव्हे, तर दोघेही वाहक असतील तर पुढचा विचार डोळसपणे करता यावा म्हणून. चाचणी मुलाचीही झालीच पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात शासकीय रुग्णालयाच्या मदतीने गावकऱ्यांची आणि आपणा विद्यार्थ्यांचीही अशी तपासणी ठेवावी, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे. नोंदणीचे काम करण्यास मी तयार आहे.