गारपिटीची बातमी : मोबाईलवर एकट्याने चित्रण कसे करावे?



दूरदर्शनवर २६ जानेवारी १९६७ रोजी ‘कृषी दर्शन’ सुरू झाले. त्या काळी शेतातले चित्रण म्हटले की कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि निवेदन सांभाळायला वेगवेगळी माणसे लागत. आज हे सारे काम खिशातल्या मोबाईलवर होते, मात्र करणारा माणूस एकटाच असतो. गावात गारपीट झाली तर शहरातला वार्ताहर पोहोचेपर्यंत गारा विरघळलेल्या असतात. तेव्हा पहिले चित्रण तुम्हालाच करावे लागणार.

फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली, तेव्हा मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. एका शेतकऱ्याच्या आडव्या झालेल्या गव्हाचे मी वीस मिनिटे चित्रण केले. घरी येऊन पाहतो तो काय, पाईपने पाणी मारावे तसा कॅमेरा सगळीकडे फिरवलेला! वाऱ्याच्या घोंघाटात त्यांचे बोलणे बुडालेले आणि शेत कुठले हे कळेल असे एकही दृश्य नाही. चार दिवसांनी पुन्हा गेलो, तर त्यांनी गहू कापून जनावरांना घातला होता. नुकसानीचे चित्रण दुसऱ्यांदा करता येत नाही, हे तेव्हा कळले.

बातमी आधी एका वाक्यात बसवावी. उदाहरणार्थ, “काल दुपारी चार वाजता पडलेल्या गारांनी ओढ्यापलीकडचा हरभरा झोडपला.” काय काय टिपायचे हे या वाक्यातच आले : ओढा, हरभरा, गारा आणि ज्याचे नुकसान झाले तो शेतकरी. शिल्लक असलेल्या गारा प्रथम घ्याव्यात. शेजारी पाच रुपयांचे नाणे ठेवले म्हणजे आकार समजतो. त्यानंतर शेताचे लांबून दृश्य घ्यावे. त्यात देवळाचा कळस, विहीर किंवा गावाची पाटी अशी ओळखीची खूण असावी. मग पिकाच्या ओळी आणि शेवटी अगदी जवळून मोडलेली फांदी, फुटलेले घाटे.

निघण्यापूर्वी भिंग स्वच्छ कापडाने पुसावे, फोनमध्ये जागा मोकळी करावी आणि फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकावा, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येणार नाही. मोबाईल आडवा धरून कोपरे बरगड्यांना टेकवावीत. प्रत्येक दृश्य न हलता दहा सेकंद घ्यावे. कॅमेरा फिरवू नये, पाहिजे तर आपण चालत पुढे जाऊन थांबावे व नवे दृश्य घ्यावे. ऊन आपल्या पाठीशी असावे.

नुकसान मोजून दाखवावे. सगळ्यात वाईट कोपरा तेवढा टिपण्याचा मोह होतो. पण पाहणाऱ्याला शंका आली की खरे नुकसानही खोटे ठरते. एक मीटर लांब-रुंद चौकट काठ्यांची करावी, ती न निवडता शेतात पाच ठिकाणी टाकावी आणि आतली एकूण झाडे व मोडलेली झाडे कॅमेऱ्यासमोर मोठ्याने मोजावीत. शेजारचे वाचलेले रानही दाखवावे. मात्र शंभरात चाळीस झाडे मोडली म्हणजे उत्पादन चाळीस टक्के घटले, असे बोलू नये. फुलोऱ्याआधी मार बसलेला हरभरा ओल असल्यास पुन्हा फुटू शकतो. घाटे भरताना बसलेला मार भरून निघत नाही. म्हणून पीक किती दिवसांचे आहे हे आवर्जून सांगावे.

मुलाखत. आधी परवानगी विचारावी. माणूस रडू लागला तर चित्रण थांबवावे, ते दाखवल्याने बातमी मोठी होत नाही. मोबाईलचा माईक लांबचे बोलणे नीट पकडत नाही, म्हणून दीड-दोन हातांवर उभे राहावे. वारा असल्यास गोठ्याच्या किंवा ट्रॅक्टरच्या आडोशाला जावे. तपासणीसाठी दहा सेकंदांचे बोलणे टिपून तिथेच ऐकून पाहावे. मोबाईल आपल्या गालाजवळ धरावा, म्हणजे बोलणारा आपल्याकडे पाहून मोकळा होतो. “नुकसान झाले का हो?” असे विचारले तर “हो, झाले” एवढेच उत्तर मिळते. “गारा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही कुठे होता, मग काय पाहिले?” असे विचारावे आणि गप्प राहावे. मधूनमधून “हं, हं” म्हणायची आपल्याला सवय असते. तो आवाजही मुद्रित होतो. त्याऐवजी मान हलवावी.

शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, गाव, तालुका आणि पीक सांगावे. दीड-दोन मिनिटांपेक्षा लांब बातमी पाठवू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीप्रमाणे पाठवल्यास चित्र पुसट होते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. न कापलेले मूळ चित्रण फोनमध्ये तसेच ठेवावे आणि त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या फोनवर त्याच दिवशी घ्यावी.